जात्याच्या दगडांची फरशी

लंडनच्या उत्तरेला तीस-बत्तीस किलोमीटरवर सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. चौदाव्या शतकात हे गाव तिथल्या ख्रिस्ती मठाच्या मालकीचं होतं. जमीन मठाची, बाजार मठाचा, न्यायनिवाडाही मठाचाच. धान्य दळायचं तर मठाच्या गिरणीतच दळायचं आणि मोबदला म्हणून त्यातला हिस्सा मठाला द्यायचा. लोकांनी यावर साधा उपाय काढला होता: घरच्या घरी हातजात्यावर दळायचं. १३३० च्या सुमारास मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड यांनी गावातली जाती जप्त करवली आणि त्यांचे दगड मठाच्या बैठकीत फरशी म्हणून बसवून टाकले. हे रिचर्ड त्या काळातले मोठे गणिती होते. सूर्यचंद्राच्या गती दाखवणारं एक अजब घड्याळही त्यांनी रचलं होतं. एवढ्या बुद्धीच्या माणसाला गोरगरिबांची जाती पायाखाली घालावीशी वाटली, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

पन्नास वर्षं गेली. जून १३८१ मध्ये गावकरी मठात शिरले, त्यांनी ते दगड उखडले, फोडले आणि तुकडे आपापसांत वाटून घेतले. रविवारी चर्चमध्ये पवित्र भाकर वाटतात तसे ते वाटले गेले, असं त्याच मठातल्या एका साधूने लिहून ठेवलं आहे. त्याला या लोकांचा मनस्वी राग होता, तरी ही गोष्ट त्याने नोंदवली.

आजोबांच्या जात्याचा अपमान नातवांनी लक्षात ठेवला, यात नवल नाही. नवल आहे ते त्यांच्या धिटाईचं. तिथे १३३० मध्ये जे जमलं नव्हतं ते १३८१ मध्ये करून दाखवायचं बळ कुठून आलं? मध्ययुगीन युरोपात समाज, धर्म आणि राजकारण कसं बदललं हे समजून घ्यायचं असेल, तर या पन्नास वर्षांकडे बघावं. एकट्या इंग्लंडपुरतं बघितलं तरी पुष्कळ कळतं, कारण तिथली गावोगावची दप्तरं मोठ्या संख्येने टिकली आहेत.

आधीची स्थिती अशी होती. तेराव्या शतकात इंग्लंडची लोकसंख्या वाढत गेली आणि १३०० च्या आसपास ती पन्नास लाखांच्या आसपास, कदाचित त्याहूनही जास्त झाली. जमीन तेवढीच होती, वाटण्या होत होत तुकडे लहान झाले. त्यात १३१५ ते १३१७ या काळात पावसाने पिकं सडवली आणि मोठा दुष्काळ पडला. पोटासाठी मिळेल त्या मजुरीवर राबणाऱ्यांची रांग संपत नव्हती. अशा वेळी जमीनदाराला कोणाची मनधरणी करायची गरज नसते.

शेतकऱ्यांतला मोठा हिस्सा 'व्हिलेन' म्हणजे बांधील कुळांचा होता. यांना गुलाम म्हणता येणार नाही, कारण त्यांची बाजारात विक्री होत नसे आणि कसायला जमीन मिळे. पण ती जमीन सोडून जायची मोकळीक नव्हती. आठवड्यातले ठरावीक दिवस धन्याच्या शेतावर वेठीने काम करायचं आणि सुगीत आणखी जादा दिवस द्यायचे. मुलीचं लग्न लावायचं तर धन्याला पैसे भरायचे. आपल्या जुन्या दप्तरांत 'लग्नटका' नावाची पट्टी सापडते, त्याच जातीतलं हे देणं. घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर धन्याकडे जायचं. आणि हे सगळं धन्याच्याच कचेरीत, धन्याच्याच कारकुनाने, लॅटिनमध्ये चामड्याच्या गुंडाळीवर लिहिलेलं असायचं. ही गुंडाळी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. जाता जाता एक सांगतो, सिनेमातल्या खलनायकाला आपण 'व्हिलन' म्हणतो, तो शब्दही याच कुळाचा. राबणाऱ्या शेतकऱ्याचं नाव दुष्टपणाचं नाव झालं. भाषा कोणाच्या हातात होती ते यावरून दिसतं.

मग प्लेग आला. ऑक्टोबर १३४७ मध्ये काळ्या समुद्राकडून आलेली जिनोआची गलबतं सिसिलीतल्या मेसिना बंदराला लागली आणि त्यांच्याबरोबर रोगही उतरला. १३४८ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये पोचला. पुढच्या दीड वर्षात देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. १३६१ मध्ये साथ पुन्हा आली आणि या वेळी तिने विशेषतः लहान मुलांना गाठलं. त्यानंतरही ती येत राहिली. म्हणून लोकसंख्या भरून यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे. एकदाच येऊन गेलेल्या साथीने झालेली तूट दोन पिढ्यांत भरून निघाली असती आणि सगळं पूर्वीसारखं झालं असतं.

युरोपच्या मुख्य भूमीवर या भीतीची किंमत ज्यू लोकांनी मोजली. विहिरीत विष कालवल्याचा आळ त्यांच्यावर घेतला गेला. फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आलं. ज्यूही याच रोगाने मरत आहेत, मग ते दोषी कसे, असं पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्येच लेखी बजावलं होतं. त्यांचं फारसं कोणी ऐकलं नाही. इंग्लंडमध्ये असं घडलं नाही, कारण तिथून ज्यूंना १२९० मध्येच हाकलून दिलेलं होतं.

आता साधा हिशोब करू. माणसं निम्मी झाली, पण शेतं तेवढीच राहिली. गिरण्या, बैल, नांगर, कुरणं सगळं जागच्या जागी होतं. कालपर्यंत कामाला माणूस हवा का, असं विचारत माणसं दारोदार फिरत होती. आता धनी माणूस शोधत फिरू लागला. लेस्टरच्या हेन्री नाइटन या बखरकाराने लिहिलंय की मेंढ्या आणि गुरं राखणाऱ्यावाचून शेताशेतांतून मोकाट हिंडत होती आणि कापणीला हात नसल्याने पीक उभ्याउभ्या गेलं. मजुरांनी दुप्पट मजुरी मागायला सुरुवात केली, कारण शेजारच्या गावातला धनी ती द्यायला तयार होता.

राजा तिसऱ्या एडवर्डच्या सरकारने यावर विलक्षण वेगाने हालचाल केली. साथ चालू असतानाच, जून १३४९ मध्ये, मजुरांविषयीचा वटहुकूम निघाला आणि १३५१ मध्ये पार्लमेंटने त्याचा पक्का कायदा केला. मजुरी प्लेगच्या आधीची, म्हणजे १३४६ च्या सुमारास होती तीच राहील, हा त्याचा गाभा. दर नेमून दिले होते: गवत वाळवायला दिवसाला एक पेनी, एक एकर गवत कापायला पाच पेन्स, मुख्य सुताराला दिवसाला तीन पेन्स. साठीच्या आतल्या ज्याला स्वतःची जमीन किंवा धंदा नाही त्याने मिळेल ते काम ठरल्या दराने केलंच पाहिजे. नाही म्हणणाऱ्यासाठी गावोगाव लाकडी खोडे उभारायचे, त्यात पाय अडकवून बसवायचं. १३६१ मध्ये पळून जाणाऱ्या मजुराच्या कपाळावर डागणी देण्याची तरतूदही आली.

हा कायदा अगदीच कागदावर राहिला नाही. हजारो लोकांना दंड झाला आणि त्यात बायकाही होत्या, कारण कापणीला त्याही तेवढ्याच जात. पण तो आतून पोखरला गेला. ज्या जमीनदारांनी पार्लमेंटमध्ये हात वर करून कायदा केला, त्यांचंच पीक शेतात उभं होतं. मग दर कायद्याचा आणि वरून जेवण, थोडं जादा धान्य, एखादा अंगरखा, असले व्यवहार सुरू झाले. मजूर वर्षाचा करार टाळून रोजावर काम करू लागले, म्हणजे उद्या दुसरीकडे जायला मोकळे. माझ्या मते मध्ययुगीन युरोपातला सर्वांत मोठा बदल इथे, शेताच्या बांधावर चाललेल्या या घासाघिशीत घडला. तिला ना तारीख आहे, ना तिचं कुठे स्मारक आहे.

बदल लोकांच्या ताटात आणि अंगावरही दिसू लागला. तेराव्या शतकात सुगीच्या मजुरांना मिळणारं जेवण मुख्यतः सातूची भाकर आणि चीज असं होतं. पंधराव्या शतकात त्यांच्या ताटात गव्हाची भाकर, मांस आणि चांगली बिअर येऊ लागली. वरच्यांना हे खुपलं. १३६३ मध्ये कोणी कोणतं कापड वापरावं याचा कायदा आला: नांगऱ्या, गाडीवान, गुराखी यांनी जाडंभरडं लोकरीचं कापडच घालावं. कायदा करावा लागला याचाच अर्थ नांगऱ्या बरं कापड घालू लागला होता. वर्ष-दोन वर्षांत तो मागेही घ्यावा लागला.

आता चर्चकडे वळू. मरणाऱ्याच्या उशाशी जायचं ते पाद्रीच, त्यामुळे तेही मोठ्या प्रमाणात मेले. अनेक विभागांत नेमलेल्या पाद्र्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या वर गेले असावेत असं बिशपांच्या दप्तरांवरून दिसतं. ख्रिस्ती माणसासाठी मरताना पापांची कबुली पाद्र्यापुढे देणं फार महत्त्वाचं, त्यावर पुढची सगळी गती अवलंबून. जानेवारी १३४९ मध्ये बाथ आणि वेल्सचे बिशप राल्फ ऑफ श्रूजबरी यांनी पत्र काढलं की पाद्री मिळत नसेल तर एकमेकांजवळ कबुली द्या, पुरुष नसेल तर स्त्रीजवळसुद्धा द्या. अडचणीच्या वेळची ही सोय होती. पण पाद्र्यावाचून चालतं हे गावाने एकदा पाहिलं होतं.

रिकाम्या जागा भरायला घाईने माणसं घेतली गेली. बायको गेलेले, लॅटिन धड न येणारे कितीतरी जण पाद्री झाले, अशी नाइटनचीच तक्रार आहे. उरलेल्या पाद्र्यांनी मजुरांसारखाच जादा पगार मागितला आणि कँटरबरीच्या आर्चबिशपना १३५० मध्ये त्यांच्या पगारावर बंधन घालणारा हुकूम काढावा लागला. वरच्या थराची अवस्था आणखी वाईट होती. पोप १३०९ पासून रोम सोडून फ्रान्सच्या छायेत, आव्हिन्यों इथे राहत होते आणि इंग्लंडची फ्रान्सशी १३३७ पासून लढाई चालू होती. १३७८ पासून तर दोन पोप झाले, एक रोममध्ये, एक आव्हिन्योंमध्ये, आणि दोघांनी एकमेकांना बहिष्कृत केलं. सामान्य माणसाने कोणाला खरा मानायचं?

याच काळात ऑक्सफर्डमध्ये जॉन विक्लिफ शिकवत होते. चर्चने एवढी मालमत्ता बाळगू नये, बायबल हाच अखेरचा आधार, असं ते मांडत होते. त्यांच्या अनुयायांनी १३८० च्या दशकात बायबल इंग्रजीत आणलं. चर्चला याची भीती का वाटली हे समजायला पुन्हा ती गुंडाळी आठवावी. शेतकऱ्याची कर्तव्यं लॅटिनमध्ये, त्याच्या आत्म्याचे नियमही लॅटिनमध्ये, आणि दोन्ही वाचणारा दुसराच. ते आपल्या बोलीत आलं की माणूस विचारू लागतो, हे नेमकं कुठे लिहिलंय? भाषा बाकी ठिकाणीही सरकत होती. प्लेगनंतर शाळांत लॅटिनचा अर्थ फ्रेंचमध्ये सांगण्याऐवजी इंग्रजीत सांगायची पद्धत आली आणि न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत करावेत असं १३६२ च्या कायद्याने ठरवलं.

लेखी पुराव्याची ही भूक १३७७ मध्ये एका विलक्षण प्रकारात दिसते. दक्षिण इंग्लंडमधल्या चाळीसेक गावांच्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढली, वकील धरले आणि 'डूम्सडे बुक'मधले आपापल्या गावाचे उतारे सरकारी शिक्क्यानिशी मागवले. हे पुस्तक म्हणजे १०८६ सालची देशभराची महसुली पाहणी. आमचं गाव तेव्हा खुद्द राजाचं होतं, तेव्हा आमच्यावर ही वेठ लागू नाही, असा त्यांचा दावा. जवळपास तीनशे वर्षांपूर्वीचं दप्तर निरक्षर माणसं आपल्या बाजूने उभं करत होती. पार्लमेंटने तो दावा फेटाळला. कायदेशीर दार असं बंद झालं.

त्याच वर्षी डोईपट्टी सुरू झाली, फ्रान्सच्या लढाईसाठी. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकामागे चार पेन्स. १३८० मध्ये ती तिप्पट झाली, पंधरा वर्षांवरच्या माणशी बारा पेन्स. श्रीमंतांनी गरिबांचा भार उचलावा असं कायद्यात होतं, पण ज्या गावात श्रीमंत कोणी नव्हताच तिथे प्रत्येक झोपडीवर पूर्ण पट्टी बसली. लोकांनी माणसंच लपवली. पहिल्या वेळी साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं पट्टी भरणारी होती, १३८१ मध्ये ती नऊ लाखांवर आली. साडेचार लाख माणसं कागदावरून गायब! सरकारने तपासायला अधिकारी पाठवले आणि ३० मे १३८१ रोजी एसेक्समधल्या ब्रेंटवुड इथे फॉबिंग वगैरे गावांच्या लोकांनी त्यांना पिटाळून लावलं.

पुढचे पंधरा दिवस वणवा पेटावा तसे गेले. केंट आणि एसेक्समधून हजारो लोक लंडनकडे निघाले. वॉट टायलर हा त्यांचा पुढारी. जॉन बॉल हा फिरता पाद्री वीसेक वर्षं समतेचा उपदेश करत आला होता आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला होता. आदाम खणत होता आणि हव्वा सूत कातत होती, तेव्हा सरदार कोण होता, हा त्याचा प्रश्न. विक्लिफची शिकवण यामागे होती असं त्यांचे विरोधक म्हणत, पण बॉल विक्लिफचं नाव होण्याच्या कितीतरी आधीपासून बोलत होता.

१३ जूनला लोक लंडनमध्ये शिरले. राजाचा काका जॉन ऑफ गाँट याचा सॅव्हॉय राजवाडा त्यांनी जाळला. दुसऱ्या दिवशी माइल एंड इथे चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड त्यांना भेटला. मागण्या मोजक्या होत्या: बांधीलकी बंद करा, एकराला चार पेन्स खंड ठरवा, ज्याच्याकडे काम करायचं ते आम्ही ठरवू. राजाने होकार दिला आणि कारकून सनदा लिहायला बसले. त्याच दिवशी टॉवर ऑफ लंडनमध्ये जमावाने आर्चबिशप सायमन सडबरी, जे राज्याचे चॅन्सेलरही होते, आणि खजिनदार रॉबर्ट हेल्स यांची डोकी उडवली. शहरात फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूहून आलेल्या कारागिरांना शोधून शोधून मारलं. त्या बिचाऱ्यांचा डोईपट्टीशी काही संबंध नव्हता. या लोकांविषयी मला कितीही आपुलकी वाटली तरी ही हत्या झाकता येत नाही.

१५ जूनला स्मिथफील्डला पुन्हा भेट ठरली. आता मागण्या आणखी पुढे गेल्या होत्या: राजाखेरीज कोणी धनी नको, चर्चची मालमत्ता लोकांत वाटा, देशात बिशप एकच असावा. बोलाचाली वाढली, लंडनचे महापौर विल्यम वॉलवर्थ यांनी टायलरवर वार केला आणि तो तिथेच संपला. लोक धनुष्यं ताणत असताना पोरगेलासा राजा घोडा पुढे घालून म्हणाला, तुमचा पुढारी मीच, माझ्यामागे या. ते गेले. त्यांचा राजावर विश्वास होता. २ जुलैला त्याने सगळ्या सनदा रद्द केल्या.

गावोगाव मात्र लोकांनी राजाकडे जाण्याआधी दुसरंच एक काम केलं होतं. ठिकठिकाणी त्यांनी कचेऱ्या फोडून त्या चामड्याच्या गुंडाळ्या बाहेर काढल्या आणि चौकात जाळल्या. केंब्रिजमध्ये मार्जरी स्टार नावाच्या म्हातारीने जळलेल्या कागदपत्रांची राख वाऱ्यावर उधळली आणि कारकुनांची विद्या जाऊ दे, जाऊ दे, असं ती ओरडत राहिली. याला अडाण्यांचा संताप म्हणणं मला पटत नाही. आपण कोणाचे बांधील आहोत हे कुठे लिहिलंय, ते या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

जुलैमध्ये सेंट ऑल्बन्सलाच जॉन बॉलला फाशी दिली गेली. त्या गावाचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब यालाही. त्याला मध्ये जामिनावर सोडलं होतं, गावाला माघार घ्यायला सांग म्हणून. त्याने उलट सांगितलं, माझी काळजी करू नका, मिळवलंय ते सोडू नका.

कागदोपत्री बंड पूर्ण हरलं. तरी तशी डोईपट्टी पुन्हा बसवायला सरकार बरीच वर्षं धजलं नाही. आणि मुख्य म्हणजे हिशोब बदललेला नव्हता: माणसं अजून कमीच होती. जो धनी वेठीचा हट्ट धरी, त्याची कुळं एखाद्या रात्री भांडीकुंडी घेऊन दुसऱ्या गावी जात आणि तिथला धनी काही न विचारता ठेवून घेई. मग एकेका गावात वेठीऐवजी रोख खंड आला, लग्नाची पट्टी वसूल होईनाशी झाली. १५०० पर्यंत इंग्लंडमधली बांधीलकी जवळजवळ संपली. ती बंद करणारा एकही कायदा झाला नाही. चर्चच्या बाबतीत वाट वेगळी गेली. १४०१ मध्ये पाखंड्यांना जाळण्याचा कायदा आला, इंग्रजी बायबलवर बंधनं आली, १४२८ मध्ये विक्लिफ यांची हाडं उकरून जाळली. पण त्यांची पुस्तकं तोवर बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, प्रागला पोचली होती आणि तिथे यान हुस या धर्मोपदेशकांनी ती वाचली होती. हुस यांना १४१५ मध्ये जाळल्यावर बोहेमिया पेटला.

प्लेगमुळे सगळीकडे शेतकरी सुटला असं मात्र समजू नये. पोलंडमध्ये १४९६ च्या कायद्याने शेतकऱ्याला गाव सोडणं अवघड झालं आणि १५२० मध्ये आठवड्याला किमान एक दिवस वेठ ठरली. हंगेरीत १५१४ च्या बंडानंतर शेतकऱ्यांवर कायमची बांधीलकी लादली. तिकडे सरदार एकजुटीचे, शहरं कमी आणि दुबळी, आणि पुढे पश्चिमेला धान्य विकून नफा मिळू लागला, त्यामुळे हात कमी असले तरी ते बांधून ठेवायची ताकद धन्यांकडे होती. मजुराला जायला दुसरं गाव असणं आणि तिथल्या धन्याने त्याला ठेवून घेणं, इंग्लंडमध्ये सगळं यावर फिरलं.

इंग्लंडमध्ये सुटलेल्या कुळांच्या हातात पंधराव्या शतकात एक नवी वस्तू आली. जमीन कोणाच्या नावावर, खंड किती, हे धन्याच्या कचेरीतल्या गुंडाळीवर लिहिलं जाई, आणि त्या नोंदीची एक नक्कल कुळाला मिळे. या हक्काचं नावच 'कॉपीहोल्ड', नकलेवर धरलेली जमीन. भांडण झालं की शेतकरी ती नक्कल पुढे करी. ज्या गुंडाळ्या आजोबांनी चौकात जाळल्या होत्या, त्यांचीच एक पट्टी नातवंडं आता घरातल्या पेटीत, कुलपाखाली जपून ठेवत होती.